दारूची कबुली: नेमकं काय सांगायचं, कुणाला आणि कशासाठी

दारूपायी घर मेटाकुटीला आलं की घरची माणसं पिणाऱ्याकडे पहिली मागणी करतात ती शपथेची. कुणी मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लावतं, कुणी काळारामाच्या दारात उभं करतं, कुणी थेट वणीच्या गडावर देवीसमोर घेऊन जातं. शपथ घेणारा त्या वेळी खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच सोडायची असते. तरी दोन-चार दिवसांत, फार तर पगाराच्या तारखेला, शपथ मोडते. घरचे म्हणतात, याला आमची किंमतच नाही. तो स्वतःही मनातल्या मनात तेच म्हणत असतो.

शपथ घेताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ठरवलं की जमेल. आणि नेमकं तेच त्याच्या हातून सुटलेलं असतं. म्हणून दारूच्या आजारात कबुली द्यायची ती याच गोष्टीची: मी ठरवतो, मनापासून ठरवतो, आणि तरी माझ्याकडून पाळलं जात नाही. ‘हो, मी पितो’ एवढं सांगून भागत नाही, ते तर अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही संघटना 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून उभी राहिली. त्यातला एक शेअर बाजारात काम केलेला, दुसरा सर्जन. 1957 पासून ती भारतातही आहे. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी म्हणजे हीच कबुली: दारूपुढे आमचं काही चालत नाही आणि आयुष्य आमच्या हातात राहिलेलं नाही. पुढच्या अकरा पायऱ्या त्यानंतर येतात, कारण हे मान्य केल्याशिवाय माणूस दुसऱ्याची मदत घ्यायला तयारच होत नाही.

आता याला आजार का म्हणायचं, हे समजून घेऊ. ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हणून हात झटकणारे खूप असतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम शांत करणं. दुसरं ग्लुटामेट, त्याचं काम चेतवणं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. म्हणून दोन पेगनंतर अंग सैल पडतं, धास्ती ओसरते, बोलायला शब्द सापडतात. पण दारू रोजच येऊ लागली की मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावतो. ब्रेकवर कुणीतरी कायम पाय ठेवून बसलेलं आहे, तर मेंदू ॲक्सिलरेटर दाबून धरतो. याच काळात माणूस अभिमानाने सांगतो, ‘आपल्याला चढत नाही.’ ते ताकदीचं लक्षण नाही. मेंदूने स्वतःत बदल करून घेतल्याचं ते लक्षण आहे. आणि एक दिवस दारू मिळाली नाही की ब्रेक एकदम सुटतो, पण ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो.

हे घडताना कसं दिसतं? नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. साडेपाचला उठतो तेव्हा बनियन घामाने ओलं झालेलं असतं, थंडीतसुद्धा. दाढी करताना हात थरथरतो म्हणून दाढी राहून जाते. बायको चहा देते तेव्हा कप बशीवर खडखडतो, चहा सांडतो, तो दोन्ही हातांनी कप धरून तोंड खाली नेतो. पोटात ढवळतं. मग तो बाथरूममध्ये जातो, पाण्याच्या टाकीमागे ठेवलेली चपटी काढतो आणि दोन घोट घेतो. पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर. कारखान्यात मशीनवर उभा राहून व्हर्नियरवरचं माप तो बिनचूक वाचतो. त्याला वाटतं, दारूमुळे मी कामाला लागतो. खरं तर दारूनेच लावलेला त्रास त्याने दारूनेच तेवढ्यापुरता शमवलेला असतो. याला सगळे ‘उतारा’ म्हणतात, आणि त्यावर हसतातही. पण सकाळचा उतारा सुरू झाला, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून राहू लागलं. डॉक्टर या एका लक्षणाला फार वजन देतात.

हे सगळं होत असताना स्वतःला समजावण्यासाठी काही वाक्यं तयार असतात. ‘एक खाडा नाही माझा.’ ‘माझ्या कमाईची पितो.’ ‘देशीला हात लावत नाही.’ नाशिकचं खास वाक्य म्हणजे ‘वाइन म्हणजे काय दारू थोडीच?’ द्राक्षांच्या गावात राहतो आपण. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांवर हजारो घरं चालतात, वायनरी पाहायला बाहेरून लोक येतात, त्यामुळे हे वाक्य इथे पटकन खपतं. द्राक्षाच्या शेतीबद्दल मला आदर आहे, पण यकृताला आणि मेंदूला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही, त्यांना फक्त अल्कोहोल कळतं. साध्या हिशेबाने पाहा. व्हिस्की-रमच्या 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. 150 मिली वाइनच्या एका ग्लासात जवळजवळ 15 ग्रॅम, म्हणजे दीड पेग. 650 मिलीची स्ट्राँग बिअर घेतली तर 40 ग्रॅम, म्हणजे चार पेग. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम, म्हणजे सहा पेग. यकृत तासाला जेमतेम एका पेगएवढं अल्कोहोल निकाली काढतं, आणि लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री साडेदहाला हाफ संपवून झोपलेला माणूस सकाळी सातला गाडी चालवतो तेव्हा त्याच्या रक्तात दारू शिल्लक असू शकते.

या सगळ्या वाक्यांत ‘मी श्रावण पाळतो’ हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवायची नाही. ‘व्यसन असतं तर महिनाभर राहिलो असतो का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. श्रावण जमतो याचा अर्थ आजार कदाचित फार पुढे गेलेला नाही, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्या महिन्यात दिवस मोजले जातात का? श्रावण संपल्याच्या संध्याकाळी दोन पेगवर थांबता येतं, की राहिलेली सगळी भरपाई होते? त्याहून मोठी गोष्ट अशी की श्रावणात त्या माणसाची इच्छाशक्ती अचानक वाढलेली नसते. बदललेलं असतं ते भोवतालचं वातावरण. मित्र आग्रह करत नाहीत, कारण तेही पाळतात. घरात जेवण लवकर होतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही, ‘श्रावण आहे’ म्हटलं की विषय संपतो. म्हणजे भोवती नीट मांडणी असली की हाच माणूस राहू शकतो. दारू सोडणं म्हणजे ही मांडणी बाराही महिने करणं, आणि ती एकट्याने गुपचूप करता येत नाही. कबुलीची गरज पडते ती इथे.

(रोज पिणाऱ्या, सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने मात्र श्रावणाच्या मुहूर्तावर एकदम बंद करू नये. का, ते पुढे येतंच.)

आपण कुठे आहोत हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, रात्रीचं काही आठवत नाही असं होतं का, अशा प्रश्नांना गुण असतात. 8 किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलं, 20 किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मात्र उत्तरं खरी हवीत. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण पिणारा माणूस स्वतःलाही आकडा कमी करून सांगतो. एक उपाय आहे. फोनमधला यूपीआयचा हिशेब उघडा आणि गेल्या महिन्यात वाइन शॉप, परमिट रूम, अंड्याची गाडी यांना गेलेले पैसे तारखेसकट वहीत उतरवा. रोख दिलेलं आणि मित्रांनी पाजलेलं त्यात येणार नाही, तरीही समोर येणारा आकडा ‘कधीतरी दोन पेग’ या आकड्यापेक्षा बराच मोठा असतो.

तो कागद डॉक्टरांकडे न्यायचा, कारण कबुलीचा पहिला उपयोग औषधाचा आहे. रोज किती पिता आणि शेवटचा घोट कधी घेतला, या दोन गोष्टींवर डॉक्टर दारू थांबवतानाचा त्रास आवरणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरवतात. रोज दीड क्वार्टर पिणाऱ्याने लाजेपोटी ‘दोन पेग’ सांगितलं तर त्याला गोळ्या कमी पडतील, आणि ते जिवावर बेतू शकतं. दारू अचानक थांबवल्यावर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, नाडी धावते, माणूस घरच्यांना ओळखत नाही. घरातले याला बाहेरची बाधा समजून भलतीकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात. हा तातडीने दवाखान्यात न्यायचा आजार आहे, उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो.

म्हणून घरच्यांना हात जोडून सांगणं आहे: रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली रात्री मोरीत ओतून त्याला खोलीत कोंडू नका. राग समजतो, पण यात धोका आहे. दारू बंद करायचीच, पण वैद्यकीय देखरेखीखाली. डॉक्टर साधारण आठवडाभर गोळ्या देऊन त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात, आणि थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं, आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सौम्य त्रास असेल तर हे घरी राहूनही होतं. पूर्वी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा दुसरा मोठा आजार असेल तर भरती व्हावं लागतं. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीपासून सुरुवात करता येते. केसपेपर काढताना तिथे ‘मानसोपचार’ असं म्हणायला लोक कचरतात. रांगेतल्या चार लोकांना कळेल ही भीती खरी असते, पण तपासणीच्या खोलीत जे बोलाल ते गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे.

पुढच्या काळासाठीही औषधं आहेत. नालट्रेक्सोन घेतल्यावर पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. ॲकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करतं. तिसरं डायसल्फिरम, त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हेच औषध आपल्याकडे ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या आडून चहात, भाजीत कालवलं जातं. कृपा करून असं करू नका. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीसारखा पितो आणि बारमध्ये किंवा रस्त्यात कोसळतो. डायसल्फिरम फक्त रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं असतं. न सांगता पुडी देणाऱ्या कुणाच्याही पुडीत काय आहे, ते तुम्हाला कळणार नाही. माणसाला ‘उचलून’ नेऊन डांबणाऱ्या, मारहाण करणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांचंही तसंच. रुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे, आणि केंद्राची नोंदणी आहे का, तिथे डॉक्टर कोण येतात, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून माणसाला माणूस म्हणून वागवून हेच काम करत आलं आहे, आणि महाराष्ट्रभरातून लोक तिथे जातात.

दारू थांबवणं आठवड्याचं काम असतं. थांबलेलं राहणं याला वर्षं लागतात, आणि खरी मेहनत तिथे असते. औषध ओढ कमी करतं, पण संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास रिकामे पडतात ते भरून देत नाही. म्हणून मांडणी करायची ती या तीन तासांची. कंपनी सुटल्यावर रोजच्या टपरीवरून जाणारा रस्ता टाळून दुसऱ्या रस्त्याने घरी यायचं, लांब पडला तरी. पहिले सहा महिने पगाराचं खातं आणि कार्ड बायकोकडे किंवा भावाकडे. भूक लागू द्यायची नाही, कारण रिकाम्या पोटी ओढ जास्त लागते. जेवण साडेसातला. ‘बसायला’ बोलावणाऱ्या मित्रांना एक ठरलेलं उत्तर द्यायचं, ‘डॉक्टरांनी बंद सांगितलीय,’ आणि त्यापुढे वाद घालायचा नाही. धुलिवंदन, रहाडीची रंगपंचमी, थर्टी फर्स्ट, मित्राच्या हळदीची रात्र, द्राक्षाचे पैसे हातात येण्याचा दिवस: या तारखा आधीच कॅलेंडरवर खुणावून त्या दिवशी कुठे आणि कुणासोबत असायचं ते ठरवून ठेवायचं.

एएच्या मीटिंगचा उपयोगही इथेच कळतो. त्या नाशिकमध्येही भरतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. तिथे उपदेश करणारा कुणी नसतो. समोरचा माणूस स्वतःचं सांगतो, आणि टाकीमागची चपटी आपल्या एकट्याचीच नव्हती हे ऐकून छातीवरचा भार निम्मा होतो. तिथे ‘आयुष्यभर पिणार नाही’ असं कुणी म्हणायला लावत नाही. आजचा दिवस नाही प्यायची, एवढंच. काही जण माळ घालतात, संध्याकाळी हरिपाठाला बसतात, पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जातात. त्यांना मी कधीच हसत नाही, कारण माळेसोबत न पिणाऱ्यांची संगत आणि संध्याकाळचं ठरलेलं काम मिळतं. फक्त शरीराचा भाग आधी डॉक्टरांकडून सोडवून घ्यावा.

बायकांमध्येही हा आजार असतो, आणि त्यांची कबुली जास्त अवघड असते. घरात, दार लावून, कुणाच्या नकळत पिणं चालतं आणि बदनामीच्या भीतीने उपचार लांबतात. तेवढीच दारू बायकांच्या यकृताला जास्त लवकर बाधते, म्हणून हा उशीर त्यांना अधिक महाग पडतो.

घरच्यांनी काय करावं? पहिली गोष्ट, त्याच्यासाठी खोटं बोलणं बंद करावं. ‘साहेब, ह्यांना ताप आलाय’ हा सुपरवायझरला केलेला फोन नोकरी वाचवण्यासाठी असतो, पण त्यामुळे पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुसरी गोष्ट, बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि घडलेलं तेवढंच. ‘तुम्ही आमचं वाटोळं केलंत’ म्हटलं की भांडण सुरू होतं. ‘अहो, काल गाडी लावताना तुम्ही पडलात. पोरगी खिडकीतून बघत होती. उद्या अकराला सिव्हिलला जाऊ, मी येते बरोबर,’ यावर भांडायला जागा कमी राहते. मारहाण होत असेल तर मात्र समजावत बसू नका, आधी सुरक्षित जागी जा. 112 आणि महिलांसाठी 181 हे नंबर त्यासाठीच आहेत. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी संघटना आहे, पिणारा तयार नसला तरी तिथे जाता येतं.

मध्येच घसरण होऊ शकते. एएतले लोक तिला ‘स्लिप’ म्हणतात. मधुमेहात साखर पुन्हा वाढली म्हणून कुणी इन्सुलिन सोडत नाही, इथेही औषध आणि मीटिंग चालूच ठेवायची. पण एक धोका लक्षात ठेवा. काही महिने न पिता राहिलेल्या शरीराची सवय गेलेली असते, त्यामुळे पूर्वीइतकी दारू एकदम घेतली तर ती घातक ठरू शकते. डायसल्फिरम चालू असेल तर थेट दवाखाना. स्लिप झाली की त्याच दिवशी, पहिली कबुली ज्याच्यापाशी दिली होती त्याच माणसाला सांगावं. दडवली तर दुसरा दिवस, तिसरा दिवस करत आठवडा जातो, आणि मग पुन्हा तीच गोळ्यांची आठवडाभराची वाट.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या 37 घरांत आजही शपथाच चालू असतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, तो चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बायको, आई, भाऊ, कारखान्यातला मित्र, कुणीही करू शकतं, आणि तो यायला तयार नसला तरी पुढे कसं वागायचं हे विचारायला घरच्यांना एकट्यानेही ओपीडीत जाता येतं.